फोकस लागेपर्यंत

आई आता ऊन हाताने पाहते. सकाळी उठून बाल्कनीच्या दाराशी येते, खाली वाकते आणि फरशीवर तळवा टेकवून ऊन कुठवर आलं आहे ते चाचपते. गार फरशीवरून तिची बोटं पुढे सरकत जातात आणि जिथे ऊब सुरू होते तिथे थबकतात. मग ती तिथेच आपलं बस्कर टाकते. हातातली एकुलती पाटली फरशीला लागून किणकिणते, आणि त्या आवाजावरून मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ऋतू कळतो. हेमंतात ऊन पार दिवाणापर्यंत आत येतं, तेव्हा किणकिण अगदी जवळून ऐकू येते. चैत्र लागला की ऊन मागे मागे सरत कठड्यापाशी जाऊन उभं राहतं आणि पाटलीचा आवाजही दूर जातो. नागपुरात उन्हाला शोधत कोणी जात नाही, ऊनच माणसाला शोधत येतं. आईचं आणि उन्हाचं मात्र आताशा हे असं लपंडावाचं नातं झालं आहे, आणि राज्य नेहमी आईवरच असतं.

तिच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. कडेकडेचं जग आधी गेलं, कोणाच्या लक्षात न येता, चोरपावलांनी. ताटातली डावीकडची चटणी तशीच राहायला लागली, बाजूला उभा असलेला माणूस बोलेपर्यंत नसल्यासारखा झाला, आणि आई मान वळवून वळवून, चिमणीसारखी, एकेक वस्तू समोर आणून पाहू लागली. आता त्या मधल्या उरलेल्या जगावरही संध्याकाळ उतरू लागली आहे. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी फार गोड शब्दांत सांगितलं की गेलेला उजेड परत आणता येत नाही, उरलेला जितका राखता येईल तितका राखू. आईने समजूतदारपणे मान डोलावली. मला मात्र त्या गोड शब्दांचाच राग आला. कडू औषध निदान कडू असल्याचं कबूल तरी करतं.

परतीच्या ऑटोत तिचा हात थांबत नव्हता. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. सिग्नलला ऑटो थांबला तेव्हा एकदम म्हणाली, "त्यायचा कॅमेरा हाय नं वं माळ्यावर?"

"हाय. काहून?"

"मले एकदा त्या काळ्या कापडाखालून पाहाचं हाय. डोयात उजेड हाय तोवर."

"काय पाहाचं हाय?"

"थे काय पाहेत एवढा वेळ, थे."

सिग्नल सुटला. ऑटोवाल्याने गाणं मोठं केलं. मी आईकडे पाहिलं, पण ती रस्त्याकडे मान वळवून बसली होती, आणि तिला त्या रस्त्यातलं किती दिसत होतं कोण जाणे.

'थे' म्हणजे बाबा. बाबा फोटोग्राफर होते. इतवारीत, भांड्यांच्या एका दुकानावर, अरुंद जिन्याने चढून जावं लागे अशा एका खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. छपराच्या उत्तरेकडच्या उताराला दुधी काचा बसवलेल्या, आणि त्यांतून दिवसभर एक निळसर, समंजस उजेड खाली झिरपत असे. त्या उजेडात भांडखोर माणसाचा चेहराही सोज्ज्वळ दिसे. खोलीच्या मध्यभागी तीन पायांवर तो सागवानी कॅमेरा. पेटीएवढा मोठा, पितळी कोपऱ्यांचा, पुढे लेन्स, मागे दुधी काच, आणि दोन्हींच्या मधे घड्याघड्यांचा काळा भाता, बाजाच्या पेटीला असतो तसा. बाबा काळ्या कापडाखाली डोकं घालत, पितळी फिरकी फिरवून भाता मागेपुढे करत, आणि समोर बसलेल्या माणसाची उलटी प्रतिमा त्या काचेवर स्पष्ट होईपर्यंत पाहत राहत. त्याला ते 'फोकस लावणं' म्हणत.

खालच्या दुकानात दिवसभर पितळी भांड्यांचे पोचे काढण्याची ठोकठोक चाले, आणि प्रत्येक ठोक्यासरशी वरच्या लाकडी जमिनीला बारीक कंप सुटे. त्या कॅमेऱ्याला क्षणाचा नव्हे, चांगला एक-दोन श्वासांचा उजेड लागे. तेवढ्यात जमीन हलली की माणसाला दोन नाकं यायची. म्हणून बाबा फोटो काढत ते दुपारी, खालची माणसं हात धुऊन जेवायला बसली की. तेवढ्या निस्तब्ध वेळासाठी सगळी सिद्धता आधी करून ठेवावी लागे. गिऱ्हाईक पडद्यामागे आरशासमोर पावडर थापत असे, भांग पाडून पाडून कंटाळत असे, आणि नेमकी त्याच वेळी आई बाबांचा डबा घेऊन जिना चढून येई. "आलीच हायेस तं बस जराशी खुर्चीत," बाबा म्हणत, "फोकस लावून ठेवतो." आई डबा खाली ठेवून खुर्चीत बसे. बाबा कापडाखाली जात. मग खालून ठोके, वरून उजेड, आणि मधे ती दोघं.

आई उमरेडची, विणकरांच्या घरातली. तिच्या हातांना रिकामं राहणं ठाऊकच नव्हतं. बोलताना ती वाती वळे, बस येईपर्यंत शेंगा सोले, टीव्हीसमोर बसली तरी एखादी उसवलेली शिवण तिच्या मांडीवर असेच. दिवसभरात रिकाम्या हातांनी बसलेली आई मी फक्त त्या खुर्चीत पाहिली. तळवे मांडीवर उताणे, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, आणि नजर सरळ लेन्सकडे. थोड्या वेळाने ती विचारी, "झालं का?" कापडाखालून आवाज येई, "नाई. अजून थोडं." पुन्हा थोड्या वेळाने, "झालं का हो?" "अजून थोडं." डब्यातलं वरण थंड होऊन त्यावर साय धरे. आई चिडे. "तुमाले दिसतच नाई बरोबर," ती म्हणे, "चष्म्याचा नंबर काढून या एकदा." बाबांनी निमूटपणे जाऊन चष्मा बदलला, आईच्या पसंतीची फ्रेम घेतली, आणि फोकस लावायला पूर्वीइतकाच वेळ घेऊ लागले.

तिच्या त्या बसण्याचा एकही फोटो नाही. खालचे ठोके थांबले की गिऱ्हाईक पडद्यामागून येई, आई उठे, तिच्या जागी दुसरं कोणी बसे, आणि कॅमेऱ्यात फिल्म सरके ती त्या दुसऱ्यासाठी. आम्ही मुलं मधूनमधून कापडाखाली डोकं घालत असू. मीही एकदा पाहिलं होतं. आई वटवाघळासारखी उलटी लोंबकळत होती, आणि मी हसत सुटले होते. मुलांचं पाहणं ते. उलटं आहे एवढंच दिसलं, काय आहे ते नाही. आईला मात्र कधीच पाहता आलं नाही. एक तर चारचौघांत बाईने पुरुषाच्या कापडाखाली डोकं घालायचं म्हणजे तिला लाजच वाटायची, आणि दुसरं असं की खुर्चीत कोणी बसलं तरच आत काही दिसणार, आणि बसायला तर नेहमी आईच. मग रंगीत फोटो आले, मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, स्टुडिओ गेला, कॅमेरा घरी आला, माळ्यावर चढला. आणि एके वर्षी बाबाही गेले. आता इतक्या वर्षांनी तो अनुत्तरित प्रश्न आईच्या मनात वर आला होता, आणि त्याला पुरेल इतकाच उजेड तिच्याकडे शिल्लक होता.

दिवाळीच्या साफसफाईत कॅमेरा खाली काढला. जुन्या वस्तूंबद्दल हळवं बोलणाऱ्यांनी त्या कधीतरी माळ्यावरून उतरवून पाहाव्यात. भाता घडीघडीवर फाटला होता, दुधी काच फुटून तिचा एकच तुकडा चौकटीत अडकून होता, पितळ हिरवं पडलं होतं, आणि फिरकी इतकी घट्ट की तिला हात लावल्यावर ती माझ्यावरच रागावल्यासारखी वाटली. लेन्स तेवढी शाबूत होती, बाबांच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेली. आईने तो मफलर हुंगला आणि घडी घालून आपल्या उशीखाली ठेवला. तयार भाता परदेशातून मागवता येतो असं इंटरनेटवर दिसलं. किंमत मी आईला वाचून दाखवली. "अवं माय," ती म्हणाली, "एवढ्यात तं कोनाचं लग्न लागते, जेवनावळीसकट!" तिथेच ठरलं की जे करायचं ते घरात आणि इतवारीत मिळेल त्यातच.

मी शाळेत भूगोल शिकवते. हातांनी काही घडवण्याशी माझा संबंध पृथ्वीचा गोल पुसण्यापुरता. पण शाळेतून आल्यावर रोज आम्ही दोघी बाल्कनीत बसू लागलो. पितळेला चिंच लावली. हिरवेपणाखालून कुठलीतरी जुनी दुपार लखलखत वर आली. लाकडाला जवसाचं तेल पाजलं, थोडं थोडं, तान्ह्याला पाजावं तसं, आणि वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं ते सागवान तेल पिऊन काळसर, ओलसर, जिवंत दिसू लागलं. मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्याकडून व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट आणली, आणि साध्या काचेच्या दोन तुकड्यांमध्ये ती घालून एकावर एक गोल गोल घासत बसलो. हे काम आईचं. सुरुवातीला कर्रकर्र आवाज यायचा, मग खरखर, मग पुढे पुढे नुसती कुजबुज. डोळ्यांनी नाही, त्या आवाजावरून ती सांगायची, आता बस झालं. काच धुऊन उजेडासमोर धरली तर तिच्यावर पहाटेच्या धुक्यासारखा दुधीपणा एकसारखा पसरला होता. मला खूप आनंद झाला आणि तो मी लपवला नाही.

भात्याला उजेड आत न येऊ देणारं काळं कापड हवं होतं, म्हणून इतवारीत छत्र्या दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेलो. ते रोज कामठीहून येतात. दिवाळी झालेली, पावसाचा पत्ता नाही, आणि या दोघी छत्रीचं कापड मागतात म्हटल्यावर त्यांना मोठी गंमत वाटली. "बाई, बारिश को तो अभी टाइम है!"

"छत्री नाई भाऊ, कॅमेऱ्याले पाह्यजे," आई म्हणाली.

"कॅमेऱ्याले? काहून, थो भिजते का?"

"उजेडानं भिजते."

चाचा हसले, आणि मोडक्या छत्र्यांची कापडं मोकळ्या हाताने बांधून देत म्हणाले, "फिर तो हमारा पूरा नागपूर भिजेला है, बाई."

भाता शिवायला घेतला तेव्हा आईचं माहेर जागं झालं. आत छत्रीचं कापड, बाहेरून तिच्या जुन्या काळ्या लुगड्याचा तुकडा, आणि मधे घड्यांना ताठपणा यावा म्हणून लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यांच्या पट्ट्या. कोणाकोणाची 'चिरंजीव' आणि 'सौभाग्यकांक्षिणी' अशी सोनेरी अक्षरं त्या काळोखात कायमची बंद झाली. हे सगळं चिकटवायला मी बाजारातला पांढरा गोंद आणला होता, पण आईने तो बाजूला सारला. "त्यानं कापड लाकूड होते. खळ पाह्यजे." विणकरांच्या गल्लीत सुताचा ताणा लांबच लांब ताणून त्याला पिठाची पातळ खळ पाजतात, म्हणजे धागा मागावर तुटत नाही, त्या पाजणीच्या सकाळी लहानपणी तिने कितीतरी पाहिलेल्या. तिने पीठ भिजवलं, आंबवलं, शिजवलं, आणि सबंध घराला उमरेडचा वास आला. ती खळ फासत होती, घड्या पाडत होती, आणि मला न दिसणाऱ्या कोणाशी तरी बारीक आवाजात बोलत होती. भाता पूर्ण झाला तो संक्रांतीच्या सुमाराला. वाळायला म्हणून आम्ही तो बाल्कनीतल्या टेबलावर उभा करून ठेवला.

सकाळी पाहिलं तर उंदरांनी त्याची जेवणावळ उठवली होती. खळ जिथे जिथे होती तिथे तिथे कापड कुरतडलेलं, पुठ्ठे पोखरलेले, आणि टेबलभर काळा भुगा. मी संतापले. उंदरांवर, इमारतीच्या वॉचमनवर, खळीवर, आणि खरं सांगायचं तर आईवरही. ती मात्र त्या फाटक्या घड्या बोटांनी चाचपत खाली बसली, आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "मोरचूद राहिलं वं!"

"काय राहिलं?"

"खळीत मोरचूद टाकतेत. निळं निळं. मंग उंदीर-झुरळ तोंड नाई लावत. थे माहे बाबा टाकत, सगळ्यात शेवटी. जहर हाय म्हनून आमा पोरीबाईले हात नाई लावू देत."

म्हणजे खळ कशी शिजवायची हे तिला येत होतं, कारण ते बायकांचं काम. आणि तिचं रक्षण कसं करायचं ते येत नव्हतं, कारण ते पुरुषांच्या हातचं. बाप मुलीला जपतो ते असं, आणि त्या जपण्याची किंमत मुलीला कधी मोजावी लागेल हे त्याला कुठून ठाऊक असणार. मला हसू यायला हवं होतं. पण तेवढ्यात आईने चहाचा कप उचलायला हात पुढे केला आणि तो कपाच्या बाजूने, रिकाम्या हवेतून, नुसताच फिरून आला. मी कप तिच्या बोटांशी नेऊन ठेवला. भाता पुन्हा करायचा म्हणजे आणखी काही आठवडे, आणि आठवडे हीच गोष्ट आमच्याजवळ बेताची होती.

"उन्हाळा लागू दे," आई म्हणाली. "तवा उजेड जास्त राह्यते. मले तवाच दिसन." आणि ती पुन्हा पीठ भिजवायला उठली.

त्या दिवसांत मी पहिल्यांदा ऋतूला घाबरले. बाहेर दिवस तिळातिळाने वाढत होता, रस्त्याकडेच्या झाडांची पानं गळून ऊन थेट जमिनीवर येत होतं, कूलरच्या नव्या ताट्यांचा ओला गवती वास बाजारात दरवळू लागला होता. आणि घरात, माझ्यासमोर, एक उजेड त्याच संथ गतीने उणा होत होता. दोघांची गाठ कुठेतरी पडायची होती आणि ती वेळेत पडावी एवढंच मी देवाला मागत होते, एरवी देवाशी माझं विशेष बोलणं नसताना. दुसऱ्या खेपेच्या खळीत मोरचूद पडलं, खळीला निळसर झाक आली, आणि आई घड्या घालू लागली त्या जवळजवळ डोळे मिटूनच. होळीच्या पुढे-मागे भाता कॅमेऱ्यावर चढला. मी पितळी फिरकी फिरवली. भाता कुरकुर न करता उलगडला, मिटला, पुन्हा उलगडला. त्याचा तो हलका श्वास ऐकून आईने माझा दंड घट्ट धरला.

चैत्रातल्या एका सकाळी कॅमेरा गच्चीवर नेला. पाण्याच्या टाकीच्या सावलीत तीन पायांवर तो उभा राहिला आणि समोर कोवळ्या उन्हात मी खुर्ची मांडली, लग्नाच्या मांडवात असते तसली पांढरी प्लॅस्टिकची. फिल्म वगैरे काही आणली नव्हती. "फोटो कायले," आई म्हणाली होती, "फोटो रग्गड हायेत." तिला फक्त ती काच पाहायची होती. ती न्हाऊन, केसांना तेल लावून, ठेवणीतलं पातळ नेसून आली होती. मी खुर्चीत बसले. तिने बाबांचं ते काळं कापड दोन्ही हातांनी उचललं, देवळाच्या गाभाऱ्यात वाकून शिरावं तशी ती त्याच्याखाली वाकली, आणि आत गेली.

मला फक्त तिच्या साडीचा काठ आणि पायांतल्या चपला दिसत होत्या. कापड जरा हललं. फिरकी फिरली, थांबली, उलट फिरली. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. मी श्वास रोखून बसले होते. फिरकी पुन्हा फिरली.

"हात हालव," आतून आवाज आला. मी हात हलवला. "अजून मोठ्यानं." मी उभी राहून दोन्ही हात हलवले.

"हाललं कायतरी," ती म्हणाली. फिरकी आणखी दोनदा फिरली. मग ती बाहेर आली. केस विस्कटलेले, चेहऱ्यावर कापडाच्या आतल्या उष्म्याचा घाम.

"उजेड दिसते," ती म्हणाली. "बाकी काई नाई."

त्या काचेवरचा उजेड मुळात मंद असतो. धडधाकट डोळ्यांनाही त्याच्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि आईच्या डोळ्यांकडे देण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. आम्हाला उशीर झाला होता. कितीने, ते कोण सांगणार. कदाचित उंदरांच्या त्या एका रात्रीने, कदाचित कितीतरी वर्षांनी. मला रडू फुटलं. आई मात्र कॅमेऱ्याच्या लाकडावर हात फिरवत उभी होती, आणि मग काहीतरी ठरवून, चाचपत, खुर्चीपाशी आली.

"ऊठ. मी बसते. तू पाह्य, अन् मले सांग."

ती बसली. पाठ सरळ केली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, तळवे मांडीवर उताणे ठेवले, आणि जिथे कॅमेरा असावा असं तिला वाटलं तिकडे नजर लावली. नजर अचूक होती. मी कापडाखाली गेले.

आत काळोख होता, आणि जवसाच्या तेलाचा, खळीचा, कापडात राहिलेल्या बाबांच्या तंबाखूचा वास. जग एकदम दूर गेलं. समोर नुसती एक धूसर, उजळ चौकट. मग डोळे सरावले आणि त्या चौकटीत हळूहळू आभाळ खाली उतरलं, गच्चीची जमीन वर गेली, आणि मधे, उलटी, आई आली. मी फिरकी जराशी फिरवली. धुक्यातून आधी पदराचा काठ बाहेर आला, मग पाटली, मग कपाळावरच्या रेषा, आणि मग सबंध चेहरा, इतका स्वच्छ की पापणीची थरथरसुद्धा दिसावी. एवढंच. फोकस लागला होता. कणीक मळताना हाताला पाणी लावावं, इतकाही वेळ गेला नव्हता.

आणि मी बाहेर आले नाही. मला येववेना. जन्मभर पाहिलेली माझी आई मला तिथे पहिल्यांदा दिसत होती. घरात ती माझ्याकडे पाहते ती काही विचारायला, काही सांगायला, पोटात काही गेलं का हे ताडायला. इथे ती नुसती पाहत होती, कापडाआडच्या माणसाकडे, काही न मागता. तोंडाभोवतालची रोजची निगरगट्ट घडी सैल पडली होती. रिकामे हात मांडीवर पडून होते. तो चेहरा आईचा नव्हता, एका तरुण बाईचा होता, डबा घेऊन जिना चढून आलेल्या आणि आता क्षणभर टेकलेल्या. आणि तो फक्त या बाजूनेच दिसत होता. सुलट आरशात तिला स्वतःलाही तो कधी दिसला नसणार.

"झालं का?" तिने विचारलं.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नाई. अजून थोडं."

म्हटलं, आणि माझे मलाच ते शब्द ओळखू आले. मी कापड डोक्यावरून काढून उन्हात आले, आणि तिच्या पायांशी जाऊन बसले.

"काय दिसलं?" तिने विचारलं. "सांग नं वं. कायले लागे त्यायले एवढा वेळ?"

"आई, फोकस तं लगेच लागते."

"मंग?"

"मंग काई नाई. मी पाहून राहिली होती तुले."

टाकीच्या नळातून थेंब पडत होते. तिची बोटं मांडीवर हलली, थांबली. मग तिचा हात हळूच वर गेला, पदर तोंडावर आला, आणि त्या पदराआडून ती हसू लागली, खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"लबाड होता म्हनजे थो!" आयुष्यभर ज्यांना तिने आदराशिवाय हाक मारली नव्हती, त्यांना ती म्हणाली. "लबाड होता! वरन थंडं करे माह्यं! अन् मी येडी, त्यायले चष्मा बदलाले लावला!"

कॅमेरा आता बाल्कनीतच असतो, बाबांचा मफलर अंगावर घेऊन. आईला दिसणं रोज थोडं कमी होत आहे. परवा तिने मला आवाजावरून ओळखलं. पण सकाळी ती फरशीवर ऊन चाचपते, ऊब लागेल तिथे बस्कर टाकते, हात रिकामे करून मांडीवर ठेवते, आणि मी शाळेत जायच्या घाईत असले तरी मला कापडाखाली जावं लागतं. "झालं का?" ती विचारते. मी म्हणते, अजून थोडं. आणि ती गालात हसते, कारण आता तिला माहीत आहे. बाबा गेले, स्टुडिओ गेला, डोळ्यांतला उजेडही कणाकणाने चालला आहे. पण त्या दुपारींमधला जो वेळ फोकसला लागतच नव्हता, तेवढा मात्र अजून शिल्लक आहे, आणि माझी काटकसरी आई रोज सकाळी उन्हात बसून तो पुरवून पुरवून वापरते.